सर नॉर्मन लॉकियर



रात्रीं आकाशांत दिसणाऱ्या ग्रहताऱ्यांवर काय आहे, तेथें हवा आहे कीं नाहीं, असल्यास ती कोणत्या वायूंची, आणि तेथेंही धूळ उडते काय, हे प्रश्न मनुष्याच्या मनांत फार पुरातन काळापासून आहेत. परंतु त्यांचीं उत्तरें मिळण्याचा मार्गच नाहीं, असें मोठमोठे विद्वानही समजत असत. फ्रान्स देशांतील ऑग्यूस्त काँत नांवाच्या विख्यात तत्त्ववेत्त्यानें १८३५ सालीं असें लिहून ठेविलें कीं, ताऱ्यांची अंतरें व गति मोजतां येतील, पण ते कोणत्या द्रव्यांचे बनले आहेत हें मनुष्यास कधींही समजणार नाहीं. जेथें जातां येत नाहीं तेथील हवेची परीक्षा करावी तरी कशी? परंतु पुढल्याच वर्षीं इंग्लंडांत जन्मास आलेल्या एका मुलानें मोठेपणीं सूर्याचें वातावरण तपासलें, आणि पृथ्वीवर तोंपर्यंत कोणासही ठाऊक नसलेला एक वायु तेथें दाखवून दिला. त्या मुलाचें नांव जोसेफ नॉर्मन लॉकियर. आपल्या कोकणांतील विजयदुर्गाशीं आणि पुण्याशीं ह्या थोर पुरुषाचा संबंध आला होता. म्हणून त्यांचें चरित्र आपल्याला अधिकच जवळचें वाटावें.

लॉकियर ह्यांचा जन्म १७ मे १८३६ रोजीं रग्बी ह्या गांवीं झाला. वडील वैद्यकीचा धंदा करीत, व त्यांना शास्त्रीय प्रयोगांची मोठी हौस होती. मुलाचें कांहीं शिक्षण इंग्लंडांत झालें, कांहीं फ्रान्स व स्वित्झर्लंड ह्या देशांत झालें. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांनीं कधींच घेतली नाहीं. १८५७ सालीं लंडनमधील सरकारच्या युद्धखात्यांत ते कारकून झाले, पुढल्या वर्षीं विवाह झाला, आणि विंबल्डन ह्या लंडनच्या उपनगरांत त्यांनीं बिऱ्हाड केलें. कांदिवलीहून रोज सकाळीं आगगाडीनें शहरांत कचेरीला जाणाऱ्या आपल्या पालकांना ह्या संसाराचें चित्र सहज डोळ्यांसमोर आणतां येईल. दिवसभर फायलींचें काम, आणि संध्याकाळीं घरीं परत. परंतु ह्या तरुण कारकुनाचा दिवस तेवढ्यानें संपत नसे. घराच्या बागेंत त्यांनीं सव्वासहा इंची भिंगाची उत्तम दुर्बीण बसविली होती, आणि रात्र स्वच्छ असली कीं ते तिच्यापाशीं उभे राहत.

१८६२ च्या शरद ऋतूंत मंगळ हा ग्रह पृथ्वीच्या पुष्कळ जवळ आला होता. लॉकियर ह्यांनीं रात्रीमागून रात्र त्याचीं चित्रें काढिलीं. त्या चित्रांत मंगळावरील काळसर डाग जसे दिसतात तसेच, कोणतीही भर न घालतां, रेखाटलेले आहेत. चित्रें एकापुढें एक ठेवून पाहतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, डागांच्या आकृति मुळांत कायम असल्या तरी त्यांची छटा दिवसागणिक, क्वचित् तासागणिकही बदलते. कधीं एखादा भाग झांकल्यासारखा फिकट होतो, आणि मग पुन्हां उघडा पडतो. ह्यावरून त्यांनीं अनुमान बांधलें कीं, मंगळालाही वातावरण आहे आणि त्यांतून ढगांसारखें कांहीं तरी वाहत जातें. एका कारकुनाचें हें काम पाहून ज्योतिषी मंडळींत त्यांचें नांव झालें. पण तें वातावरण कोणत्या वायूंचें, हें नुसत्या दुर्बिणीनें सांगतां येईना.

तें सांगूं शकणारें साधन नुकतेंच तयार झालें होतें. तुमच्यापैकीं पुष्कळांनीं प्रयोगशाळेंत कांचेचा त्रिकोणी लोलक हातांत घेतला असेल. त्यांतून सूर्याचा प्रकाश जाऊं दिला म्हणजे भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा पडतो. त्यालाच वर्णपट म्हणतात. १८५९ च्या सुमारास जर्मनीमध्यें किर्खोफ व बुन्सेन ह्या दोन शास्त्रज्ञांनीं ह्या पट्ट्याची भाषा उलगडली. तापून लाल झालेला घन पदार्थ अखंड पट्टा देतो. उलट, विरळ आणि तप्त वायु सुट्या, तेजस्वी रेषाच देतो. आणि ज्याच्या त्याच्या रेषा ठराविक जागीं असतात. मिठाची चिमूट ज्योतींत टाका, म्हणजे सोडियमच्या पिवळ्या रेषांची जोडी त्याच जागीं उमटेल, मग ती ज्योत कांदिवलींत असो वा लंडनमध्यें. मनुष्य जसा हस्ताक्षरावरून ओळखतां येतो, तसा वायु आपल्या रेषांवरून ओळखतां येतो. ह्या उपकरणास वर्णपटदर्शक म्हणतात. लॉकियर ह्यांनीं तो आपल्या दुर्बिणीस जोडला, आणि पुढील सर्व आयुष्य ह्या एका साधनावर खर्च केलें.

सूर्याचें खग्रास ग्रहण झालें असतां काळ्या बिंबाच्या कडेला तांबड्या ज्वाळा दिसतात. त्या सूर्याच्या आहेत कीं चंद्राच्या, वायूच्या आहेत कीं आणखी कशाच्या, ह्याविषयीं वाद होता. आणि ग्रहण तर दोन-चार मिनिटेंच टिकणारें. १८६६ सालीं लॉकियर ह्यांच्या मनांत आलें कीं, ज्वाळा वायूच्या असतील, तर त्यांचा प्रकाश थोड्याच रेषांत एकवटलेला असणार; मग चांगल्या वर्णपटदर्शकानें त्या ग्रहणावांचून, भर दिवसा दिसल्या पाहिजेत. कल्पना बिनतोड होती. परंतु हवें तसें उपकरण तयार होण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तेवढ्यांत १८ ऑगस्ट १८६८ चें खग्रास ग्रहण येऊन ठेपलें.

हें ग्रहण भारतांतून दिसणार होतें. त्याची छाया पश्चिम किनाऱ्याकडून पूर्व किनाऱ्यापर्यंत गेली. पटवर्धनांच्या संस्थानांतील जमखंडी येथें लेफ्टनंट हर्शेल, गुंटूर येथें फ्रान्सचे झान्सन व मेजर टेनंट, मच्छलीपट्टणम येथें मद्रास वेधशाळेचे पॉगसन असे निरीक्षक उभे होते. ज्वाळा वायूच्याच आहेत हें त्या दिवशीं सिद्ध झालें. झान्सन ह्यांना त्यांच्या रेषा इतक्या झळझळीत दिसल्या कीं, दुसऱ्या दिवशीं ग्रहण नसतांही त्यांनीं त्या पुन्हां पाहिल्या. त्या वेळीं लॉकियर हजारों मैल दूर इंग्लंडांत उपकरणाची वाट पाहत होते. तें ऑक्टोबरांत हातीं आलें, आणि २० ऑक्टोबर रोजीं त्यांनाही ग्रहणावांचून ज्वाळांच्या रेषा दिसल्या. झान्सन ह्यांना ही युक्ति सांपडल्याची वार्ता तोंपर्यंत त्यांच्यापर्यंत आली नव्हती. योग असा कीं, गुंटूरहून निघालेलें झान्सन ह्यांचें पत्र आणि लॉकियर ह्यांच्या शोधाचें वृत्त हीं दोन्हीं पॅरिसच्या विज्ञानसंस्थेपुढें २६ ऑक्टोबर ह्या एकाच दिवशीं आलीं. पहिला मान कोणाचा, ह्यावर भांडण माजलें नाहीं. फ्रेंच सरकारनें १८७२ सालीं दोघांच्या मुद्रा शेजारीं-शेजारीं कोरलेलें एक पदक पाडून हा प्रश्न मोठ्या शोभेनें सोडविला.

त्या ज्वाळांच्या वर्णपटांत एक पिवळी रेषा होती. ग्रहणाच्या दिवशीं पुष्कळांना ती सोडियमची वाटली होती. लॉकियर ह्यांनीं जागा मोजली, तेव्हां ती सोडियमच्या जोडीपाशीं असली तरी तिच्यावर बसेना. एडवर्ड फ्रँकलंड ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें त्यांनीं प्रयोगशाळेंत पुष्कळ खटपट केली. परंतु पृथ्वीवरील कोणत्याही द्रव्यापासून ती रेषा निघेना. तेव्हां हें सूर्यावरील एखादें नवें मूलद्रव्य असावें असें त्यांनीं मानिलें, आणि ग्रीक भाषेंतील सूर्यवाचक शब्दावरून त्यास हेलियम असें नांव पडलें. एका रेषेवरून नवें मूलद्रव्य सांगणें पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांना धाडसाचें वाटलें, आणि थट्टाही झाली. १८९५ सालीं विल्यम रॅम्झी ह्यांना लंडनमध्यें क्लेव्हाइट नांवाच्या युरेनियमयुक्त खनिजांतून एक वायु मिळाला. त्याची रेषा मोजतां ती हुबेहूब त्याच जागीं आढळली. म्हणजे सूर्यावरचा हा पाहुणा पृथ्वीवर सांपडण्यास २७ वर्षें लागलीं. आज जत्रेंतील फुगा हातांतून सुटून वर जातो, तेव्हां त्यांत हाच वायु असूं शकतो.

मधल्या काळांत लॉकियर ह्यांनीं आणखीही पुष्कळ केलें. सूर्याच्या ज्या पातळ, रंगीत आवरणांतून ह्या ज्वाळा उठतात, त्याला क्रोमोस्फिअर, म्हणजे वर्णावरण, हें नांव त्यांनींच दिलें. ४ नोव्हेंबर १८६९ रोजीं त्यांनीं 'नेचर' हें साप्ताहिक सुरू केलें, आणि तें पन्नास वर्षें स्वतः संपादिलें. जगांतील विज्ञानाच्या नियतकालिकांत आजही त्याचें स्थान पहिल्या रांगेंत आहे. १८७१ च्या डिसेंबरांतील ग्रहणासाठीं ते स्वतः भारतांत आले, आणि आज केरळांत असलेल्या बेकल येथें त्यांनीं वेध घेतले.

आतां त्यांच्या चरित्रांतील जो भाग सांगण्यासाठीं हा लेख लिहिला, त्याकडे वळूं.

आकाशांत तेजोमेघ नांवाचे धूसर प्रकाशाचे ढग आहेत. मृग नक्षत्रांतील तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनींही अंधुक दिसतो. १८८७ सालीं लॉकियर ह्यांनीं असा सिद्धान्त मांडिला कीं, हे तेजोमेघ, धूमकेतु, तारे, सर्व कांहीं मूळचे उल्कांच्या धुळीचे थवे आहेत. त्या कणांची एकमेकांवर टक्कर होते, उष्णता उत्पन्न होते, कणांची वाफ होते, आणि तिचा प्रकाश आपल्याला दिसतो. कल्पना भव्य होती. तिचा एक मुख्य आधार म्हणजे तेजोमेघांच्या वर्णपटांतील एक हिरवी रेषा. ती तापलेल्या मॅग्नेशियमच्या संयुगाच्या पट्ट्याची कड आहे असें त्यांचें म्हणणें होतें. उल्कांत मॅग्नेशियम असतें. तेव्हां तेजोमेघांतही उल्काच असल्या पाहिजेत. परंतु असा पट्टा एका बाजूस स्पष्ट व दुसऱ्या बाजूस पुसल्यासारखा दिसतो, आणि वायूची रेषा दोन्हीं बाजूंनीं स्वच्छ असते. म्हणजे सर्व वाद ह्या एका प्रश्नावर येऊन ठेपला: ती हिरवी रेषा स्वच्छ आहे कीं पुसट?

ह्या प्रश्नाचा निकाल देणाऱ्यांत पुण्याच्या एका अध्यापकाचा वांटा आहे. कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांचा जन्म १८५७ सालचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत ते पदार्थविज्ञान शिकवीत. १८८२ सालीं भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांनीं वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठीं ५,००० रुपये दिले. उपकरणें घेण्यास नायगमवाला विलायतेस गेले, तेव्हां तेथील ज्योतिष्यांनीं, विशेषेंकरून लॉकियर ह्यांनीं, त्यांना ताऱ्यांचे वर्णपट पाहणारी वेधशाळाच काढण्याचा सल्ला दिला. त्याप्रमाणें पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारांत महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली, आणि १८८८ सालीं तिची दुर्बीण सज्ज झाली. म्हणजे ह्या वेधशाळेच्या पायांत लॉकियर ह्यांच्या सल्ल्याचा दगड होता.

अशा परिस्थितींत नायगमवाला ह्यांनीं मृगांतील तेजोमेघावर दुर्बीण रोखली आणि ती हिरवी रेषा निरनिराळ्या रीतींनीं पाहिली. ती प्रत्येक वेळीं दोन्हीं बाजूंनीं स्वच्छच दिसली. १८९१ सालीं त्यांनीं तें तसेंच प्रसिद्ध केलें. उपकारकर्त्याच्या आवडत्या सिद्धान्ताविरुद्ध, दूरच्या पुण्यांतून, चौतीस वर्षांच्या एका हिंदी अध्यापकानें साक्ष द्यावी, हें त्या काळीं सोपें नव्हतें. इंग्लंडांत विल्यम हगिन्स व अमेरिकेंत जेम्स कीलर ह्यांचेंही निरीक्षण असेंच होतें. लॉकियर हे स्वभावानें हट्टी, त्यांनीं आपलें मत सहजासहजीं सोडिलें नाहीं; परंतु विज्ञानाच्या न्यायासनासमोर तो दावा टिकला नाहीं. ती रेषा कशाची, हें १९२७ सालीं अमेरिकेंतील आयरा बोवेन ह्यांनीं उकलून दाखविलें. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूच्या अणूंची ती रेषा होती. आणि ती उमटावयास वायु इतका विरळ लागतो, कीं तशी स्थिति पृथ्वीवरील प्रयोगशाळेंत आणणें अतिशय दुष्कर.

२२ जानेवारी १८९८ रोजीं पुन्हां खग्रास ग्रहण आलें, आणि ह्या वेळीं त्याची छाया आपल्या कोकणांतून वर चढून घाट ओलांडीत गेली. मुंबई-पुण्यांत तेव्हां प्लेगचा कहर चालला होता. नुकतेच 'सर' झालेले, एकसष्ट वर्षांचे लॉकियर वाघोटन खाडीच्या मुखावरील विजयदुर्गांत येऊन उतरले. 'मेलपोमिनी' ह्या आरमारी जहाजावरील अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीस होते. कोणी घड्याळ पुकारावयाचें, कोणी कांचा बदलावयाच्या, कोणी नुसतें चित्र काढावयाचें, असें प्रत्येकाचें काम पुन्हां पुन्हां घोटून घेतलें गेलें. कारण सर्व सिद्धता केवळ सुमारें दोन मिनिटांच्या अंधारासाठीं होती. वर्णावरणाचा वर्णपट छायाचित्रांत पकडण्यांत त्या तुकडीस चांगलें यश आलें. त्याच दिवशीं सोलापुराकडील जेऊर येथें अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल होते, आणि तेथेंच आपली स्वतंत्र तुकडी घेऊन नायगमवालाही उभे होते. सात वर्षांपूर्वीं ज्यांचें मत एकमेकांविरुद्ध पडलें, ते दोघे एकाच सावलीच्या वाटेवर, आपापल्या उपकरणापाशीं, एकाच सूर्याकडे पाहत होते. नायगमवाला ह्यांचा त्या ग्रहणाचा अहवाल १९०२ सालीं छापून निघाला.

विजयदुर्गावर ज्या ठिकाणीं हीं उपकरणें मांडिलीं होतीं, तेथील ओट्यांना लोक साहेबाचे कट्टे म्हणतात. आपल्यापैकीं ज्यांचें मूळ गांव देवगड-राजापुराकडे आहे, त्यांनीं ते पाहिलेही असतील. १८६८ सालीं लॉकियर ह्यांनीं ह्याच कट्ट्यांवरून हेलियमचा शोध लाविला, असें पुष्कळदां सांगितलें जातें आणि छापलेंही जातें. तें खरें नाहीं. त्या सालीं ते इंग्लंडांत होते. विजयदुर्गीं आले ते तीस वर्षांनीं, हेलियम पृथ्वीवर सांपडल्यावरही तीन वर्षांनीं. हें ऐकून कोणाचा हिरमोड होऊं नये. ज्या ग्रहणांत ती पिवळी रेषा प्रथम दिसली तें भारताच्या भूमीवरून पाहिलें गेलें, आणि त्या रेषेचा अर्थ लावणारा शास्त्रज्ञ पुढें स्वतः ह्या दुर्गांत राहून गेला, एवढा मान खराच आहे. आणि खरा मान थोडा असला तरी तो कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं.

१९१२ सालीं लॉकियर ह्यांनीं डेव्हन परगण्यांत सिडमथजवळ एका टेकडीवर नवी वेधशाळा स्थापिली. त्याच वर्षीं, नायगमवाला निवृत्त होतांच, पुण्याची वेधशाळा बंद करण्यांत आली, आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. १९१९ सालीं लॉकियर ह्यांनीं 'नेचर'चें संपादकत्व सोडिलें, आणि १६ ऑगस्ट १९२० रोजीं, वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं, ते देवाघरीं गेले. अतिशय तप्त स्थितींत अणूंचे भाग सुटे होतात व म्हणून त्यांच्या रेषा बदलतात, असें ते पुष्कळ वर्षें सांगत आले होते. त्यांचें स्पष्टीकरण जरी अपुरें होतें, तरी त्यांत सत्याचा अंश होता. त्यांच्या मृत्यूच्याच सालीं मेघनाद साहा ह्या बंगाली तरुणानें त्या रेषांचें गणित मांडून दिलें. आणि त्यानंतर साहा लंडनमध्यें ज्या आल्फ्रेड फाउलर ह्यांच्या प्रयोगशाळेंत काम करावयास गेले, ते फाउलर लॉकियर ह्यांचेच जुने साहाय्यक, १८९८ च्या ग्रहणासाठीं भारतांत आलेले.

लॉकियर ह्यांना मंगळाच्या हवेविषयीं जें कळलें नाहीं, तें त्यांच्याच साधनानें पुढच्यांना कळलें. १९३२ सालीं ॲडम्स व डनहॅम ह्यांना शुक्रावर कार्बन डायऑक्साइड सांपडला, १९४७ सालीं कायपर ह्यांना तोच वायु मंगळावर आढळला. मंगळाची हवा आपल्या हवेच्या शंभराव्या भागाहूनही विरळ आहे. तरी ती धूळ उडवूं शकते. १९७१ च्या नोव्हेंबरांत 'मरिनर ९' हें यान तेथें पोंचलें, तेव्हां सगळा ग्रह धुळीच्या वादळानें झांकून गेला होता, आणि धूळ खालीं बसेपर्यंत कित्येक आठवडे थांबावें लागलें. २०१४ सालीं आपल्या देशाच्या मंगळयानानेंही तेथील धुळीच्या वादळाचें छायाचित्र पाठविलें. शिवाय, ग्रह हे वायु व धूळ ह्यांच्या तबकडींतून कण कण जमून बनले, असें आज शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे लॉकियर ह्यांची धूळ तेजोमेघाच्या त्या रेषेंत नव्हती. पण सृष्टीच्या घडणींत धुळीलाही स्थान आहे.

मुलांनो, आकाश देवाची करणी प्रकट करितें अशी आपली श्रद्धा आहे. पण त्या करणीविषयीं आपण जें बोलतों, तें पारखून घेण्याची जबाबदारी आपली आहे. लॉकियर ह्यांनीं हेलियमविषयीं २७ वर्षें धीर धरिला, त्यांचें ठरलें; उल्कांविषयीं हट्ट धरिला, तो फसला. दोन्हीं वेळीं निर्णय केला तो त्यांच्या कीर्तीनें नव्हे, तर एका बारीक रेषेनें. आणि ती रेषा जशी दिसली तशी सांगणाऱ्या पुण्याच्या अध्यापकाचा धर्म आपल्या प्रत्येकाच्या आटोक्यांतला आहे. प्रयोगवहींत गुरुजींचें अपेक्षित उत्तर आणि तुम्हांला प्रत्यक्ष दिसलेला आंकडा ह्यांत फरक पडला, तर प्रथम पुन्हां मोजा. आणि तरीही तोच आंकडा आला, तर निर्भयपणें तोच लिहा.